पासबुक कुणाच्या खिशात?

(वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा इथे बचत गटांच्या बायकांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली वळणं तशीच ठेवली आहेत.)



मी बसूनच बोलणार आहे. उभी राहिले तर एक हात कुबडीला जातो, दुसऱ्यात माईक, आणि हातवारे केल्याशिवाय मला बोलताच येत नाही.

आधी एक काम करू. ज्यांच्या घरात, सासरी नाहीतर माहेरी, एखादी अपंग बाई किंवा मुलगी आहे त्यांनी हात वर करा. लाजू नका. मोजते मी. अकरा. आता सांगा, त्या अकराजणींपैकी इथे किती आल्यात? मागे भिंतीला टेकून बसल्यात त्या एक ताई. बाकीच्या दहा कुठे आहेत?

“घरी हायेत. तिले कायले आनाव बाई इथं?”

ऐकलंत ना? मला राग आलेला नाही. माझ्या आईनेही हेच म्हटलं असतं, आणि ती काही वाईट बाई नव्हती. पण आज मी जे बोलणार आहे ते या ‘तिले कायले’बद्दलच आहे. दिल्लीत कायदा होतो, मुंबईत शासन निर्णय निघतात, आणि ते सगळं येऊन आपल्या उंबरठ्यावर या दोन शब्दांपाशी अडतं.

मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. उजवा पाय गेला. सव्वीस वर्षांची होईपर्यंत माझ्यासाठी कुठला कायदा नव्हता. दया होती, देवळातला प्रसाद होता, लग्नाच्या बाबतीत ‘पाहू’ होतं. मग 1995 साली संसदेने अपंग व्यक्तींचा कायदा केला. समान संधी, हक्कांचं संरक्षण आणि संपूर्ण सहभाग, असं त्याचं लांबलचक नाव. 7 फेब्रुवारी 1996 पासून तो लागू झाला. सात प्रकारचं अपंगत्व त्यात धरलं होतं. चाळीस टक्क्यांचा दाखला असला की सरकारी नोकरीत तीन टक्के राखीव जागा, गरिबी निवारणाच्या योजनांत तीन टक्के. आमच्यासारख्यांना पहिल्यांदाच ‘बिचारी’ सोडून दुसरं नाव मिळालं.

पुढे चळवळीत आल्यावर मी तो कायदा बसून वाचला आणि त्यात बाई शोधली. ती सापडली, पण कुठे? एक तर समितीत: अपंगांच्या प्रतिनिधींमध्ये किमान एक स्त्री असावी. आणि दुसरं म्हणजे अपंगत्व टाळण्याच्या प्रकरणात: गरोदरपणात आणि बाळंतपणात आईची काळजी घ्यावी. म्हणजे मूल अपंग जन्मू नये म्हणून आई हवी. पण जी स्वतः अपंग आहे, जिला पाळी येते, जिला मूल हवं असतं किंवा नको असतं, जिच्यावर हात टाकला जातो, ती बाई त्या कायद्यात नव्हती.

हे काही चुकून झालं असं मला वाटत नाही. कायदा व्हायच्या आधी, फेब्रुवारी 1994 मध्ये, आपल्याच महाराष्ट्रात काय झालं ते जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुली, तेव्हाच्या भाषेत मतिमंद मुली, पुण्याच्या ससून रुग्णालयात नेल्या आणि त्यांची गर्भाशयं काढली. अकराजणींची शस्त्रक्रिया झाली. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या म्हणून पुढच्या थांबल्या. सांगितलेली कारणं काय? पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, आणि गर्भ राहिला तर काय करायचं? तेव्हा बायकांनी विचारलं, की स्वच्छता शिकवायला माणसं का नेमत नाही? आणि गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबतो का? तो थांबत नाही, तो फक्त कुणाला कळत नाही. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. पालक नसलेल्या मुलींसाठी सरकारच पालक, आणि पालकानेच सही केली.

सहीचा हा प्रश्न लक्षात ठेवा. आपण परत त्याच्याकडे येऊ.

आधी दाखल्याबद्दल थोडं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. माझा पहिला दाखला काढायला मी वडिलांबरोबर गेले. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही. लांबलचक रांग, बहुतेक पुरुष. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत परकर गुडघ्याच्या वर घ्यायला सांगितला. पडदा नव्हता. मी नाही म्हटलं तर म्हणाले, मग मोजू कसं? मोजलं. “चालता येतं ना? मग कशाला?” पस्तीस टक्के लिहिले. म्हणजे पाच टक्क्यांनी मी कायद्याबाहेर. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तोच पाय मोजला आणि पंचेचाळीस टक्के लिहिले. मधल्या काळात पाय काही बदलला नव्हता. पण तो दुसरा खेप करायला मी दोन वर्षं का थांबले? कारण एकटीने जायची सवय नाही, वडिलांची मजुरी बुडते, आणि परत तसाच परकर वर घ्यावा लागेल ही धास्ती.

आज दाखला ऑनलाइन असतो, स्वावलंबन कार्ड म्हणतात, संपूर्ण देशात चालतं. चांगली गोष्ट आहे. पण मोबाईल कुणाच्या हातात आहे? भावाच्या. ओटीपी कुणाकडे येतो? भावाकडे. आणि तपासणीला जायचंच असतं. आपण घाटाखालची माणसं, जिल्ह्याचं ठिकाण घाटावर. इथून नांदुरा, मलकापूरला गाडी मिळते, वडनेर महामार्गावरच आहे. पण चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीला एसटीत कोण चढवणार, आणि वाटेत लघवीला लागली तर ती कुठे जाणार? मुलगा असेल तर बाप त्याला मोटारसायकलवर पुढ्यात बसवून नेतो. मुलीच्या बाबतीत ‘पुढच्या महिन्यात पाहू’. मी एक घर पाहिलंय, बहीण-भाऊ दोघेही जन्मापासून कमी ऐकणारे. भावाचं कार्ड आहे, बहिणीचं नाही. आईने कारण सांगितलं: “कार्ड काढलं त गावभर होते, मंग तिच्या लहान्या बहिनीचं बी लग्न अडते.”

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले. पुरुष दीड कोटी, बाया 1 कोटी 18 लाख. पुरुष जास्त अपघातात सापडतात, हे खरं. पण एवढा सगळा फरक अपघाताचा असेल असं मला वाटत नाही. गणती करणारा दारात आला तेव्हा किती घरांनी लेकीचं अपंगत्व सांगितलं नसेल? त्याच गणतीत अपंग पुरुषांमध्ये साक्षर 62 टक्के, बायांमध्ये 45.

आता नव्या कायद्याकडे येते. 2016 च्या डिसेंबरात संसदेने जुना कायदा रद्द करून नवा केला, 19 एप्रिल 2017 पासून तो लागू आहे. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्याने जखमी झालेल्या, असे कितीतरी त्यात आले. नोकरीत तीनचे चार टक्के झाले. त्याच सुमारास सरकारने आमचं नाव ‘दिव्यांग’ केलं. मला विचाराल तर मला अपंगच म्हणा. दिव्य काही नाही हो माझ्या पायात. नाव चांगलं ठेवून पायऱ्या तशाच ठेवल्या तर काय उपयोग? आत्ता इथे येताना दोघींनी मला दोन बाजूंनी धरून चढवलं. त्यांचे आभार, पण पुढच्या वेळी फळी टाका.

असो. या कायद्यात बाई आहे. अगदी सुरुवातीलाच, चौथ्या कलमात, अपंग स्त्रिया आणि मुलांना इतरांच्या बरोबरीने हक्क मिळतील हे सरकारने पाहावं असं म्हटलंय. दहाव्या कलमात आहे की मूल होण्याची क्षमता जाईल अशी कुठलीही शस्त्रक्रिया अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. शिरूरच्या मुलींसाठी बावीस वर्षांनी का होईना, कायद्यात एक वाक्य लिहिलं गेलं. अपंग बाईचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. त्याआधी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंडीगडच्या निवारागृहातल्या एका मुलीच्या प्रकरणात सांगितलं होतं की तिची बुद्धी कमी वाढलेली आहे म्हणून तिचं ‘मला हे मूल हवंय’ हे म्हणणं बाजूला सारता येणार नाही.

पण एक फट त्यांनी ठेवलीच. अपंगत्व अतितीव्र असेल तर डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती घेऊन गर्भपात करता येतो. तीव्र कशाला म्हणायचं, ते ठरवणार कोण? म्हणजे सही परत पालकाचीच. एखादीला खरंच काही कळत नसेल, तिच्या जिवाला धोका असेल, तेव्हा कुणीतरी निर्णय घ्यावाच लागतो, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे ‘तिला कळत नाही’ हे फार लवकर म्हटलं जातं. मला तर पाय नाही म्हणूनसुद्धा लोक माझ्याबद्दल माझ्या वहिनीलाच विचारतात, “ह्यांना चहा चालतो का?”

अत्याचाराबद्दल बोलताना जपून बोलते, कारण ती मुलगी आपल्या भागातली आहे. तिचं गाव, वय काही सांगणार नाही. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. आम्ही तिच्या आईबरोबर तक्रार द्यायला गेलो. 2013 साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून नियम आहे की अशा मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाष्याच्या नाहीतर विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. 2024 पासून नवीन संहिता आल्या, त्यातही तो आहे. आम्ही कागद दाखवला. थोडी कुरकुर झाली, मग मूकबधिर मुलांना शिकवणाऱ्या एक बाई बोलावल्या. म्हटलं, चला, कायदा चालला.

त्या शिक्षिका समोर बसल्या आणि खुणा करू लागल्या. मुलगी नुसती बघत राहिली. ती कधी शाळेतच गेली नव्हती. शाळेतली खुणांची भाषा तिला येतच नव्हती. तिच्या खुणा घरच्या होत्या, चूल, बकरी, मोठा काका, पाऊस, आणि त्या कळत होत्या एकट्या तिच्या आईला. आई दुभाषी झाली असती, पण आई फिर्यादी. मग त्या शिक्षिकेने चार दिवस आईजवळ बसून मुलीच्या खुणा शिकून घेतल्या, स्वतःच्या रजेवर. जबाब झाला. पण तो वकिलासमोर टिकेल का, ही धाकधूक अजून आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये आंध्रातल्या एका अंध मुलीच्या खटल्यात स्पष्ट म्हटलंय की साक्ष देणारी अपंग आहे एवढ्यावरून तिची साक्ष कमकुवत ठरत नाही. त्यावर आमची आशा आहे. तरी मला राहून राहून वाटतं की त्या मुलीचा न्याय ती सहा वर्षांची असताना गेला. तेव्हा तिला शाळेत घातलं नाही. धाकट्या भावाला घातलं.

आता पैशांचं. तुम्ही सगळ्या जागं व्हा. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात 1980 पासून आहे. त्यात अपंगांना मिळणारी रक्कम बरीच वर्षं फारच थोडी होती. 2023 मध्ये ती दीड हजार झाली. 2024 मध्ये लाडकी बहीण आली, तिचेही दीड हजारच. आणि नियम असा, की दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढे मिळत असतील तर लाडकी बहीण नाही. म्हणजे धडधाकट बहिणीला दीड हजार आणि चाकाच्या खुर्चीवरच्या बहिणीलाही दीड हजारच. बहीण म्हणून घ्या किंवा अपंग म्हणून, दोन्ही म्हणून नाही. यावर पुष्कळ बोललं गेलं. जून 2025 मध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडूंचं उपोषण झालं, त्यात कर्जमाफीबरोबर अपंगांच्या सहा हजारांची मागणी होती. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दीड हजाराचे अडीच हजार केले, ऑक्टोबरपासून.

अडीच हजार. ठीक. पण ते जातात कुणाकडे? मागच्या महिन्यात मी एका गावी बसले होते. एक बाई, दोन्ही डोळ्यांनी अधू, वय पन्नासच्या पुढे. मी विचारलं, पैसे वाढले का? म्हणाल्या, “माय, माह्या नावानं येतात म्हने. मी त कधी पायलेच नाही.” डोळ्यांनी अधू बाई ‘पाहिले नाहीत’ म्हणते, आणि आम्ही दोघी हसलो. नंतर मला हसू आलं नाही. पासबुक दिराच्या खिशात. तिचा अंगठा लागतो तेव्हा तिला गाडीवर बसवून नेतात, अंगठा लावून घेतात, परत आणून सोडतात. जेवायला देतात, मारत नाहीत. “मंग अजून काय पायजे?” असं जाऊ म्हणते. आणि अर्ज करताना उत्पन्न कुणाचं धरतात? सगळ्या कुटुंबाचं. दिराची जमीन तिच्या गरिबीच्या आड येते, पण त्या जमिनीवर तिचं नाव नाही.

आता हे कलम ऐका, तेरावं. अपंग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, वारसा घेण्याचा आणि आपला पैसा आपण सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. आणि मदत करणाऱ्या माणसाचा स्वतःचाच त्या व्यवहारात स्वार्थ असेल तर त्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं. दीर मदत करतो ना? करू दे. पण पैसे काढून आणल्यावर ते तिच्या हातात, नोटा मोजून, बोटांनी ओळखू येतील अशा द्यायच्या. त्याच्या खिशात नाही.

सातवं कलम त्याहून उपयोगाचं आहे. अपंग व्यक्तीवर हिंसा, छळ किंवा तिचं शोषण होतंय, किंवा होईल अशी शंका आहे, तर कुणीही, म्हणजे शेजारीणसुद्धा, संस्थासुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं. आणि त्याने ते थांबवायला, तिला तिथून सोडवायला पावलं उचलायची आहेत. हा दंडाधिकारी म्हणजे कुणी लांबचा साहेब नाही. आपला तहसीलदार! उत्पन्नाच्या दाखल्याला आपण त्याच्या दारात दहा चकरा मारतो, पण या कामासाठी अर्ज घेऊन गेलेली बाई मी अजून क्वचितच पाहिली. बचत गटाच्या ठरावावर हा अर्ज देता येतो. पोलिसात जायला जिचं घर तयार नसतं, तिच्यासाठी हा एक रस्ता आहे.

मी सगळा दोष घरच्यांवर टाकते असं समजू नका. इथे बसलेल्या तुमच्यापैकी किती जणी बाहेरून कडी लावून कापूस वेचायला जाता, मला माहीत आहे. नाही गेलात तर चूल पेटत नाही. पोरीला शेतात न्यावं तर ऊन, घरी ठेवावं तर भीती. ती मोठी झाली, पाळी आली, की तर रात्रीची झोप जाते. आणि हे सगळं करतं कोण? आई, नाहीतर जाऊ, नाहीतर मोठी बहीण, जिची त्यापायी शाळा सुटते. बाप फार तर विचारतो, जेवली का? याच कायद्यात जिला चोवीस तास सांभाळावं लागतं तिच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता द्यावा असं म्हटलंय. सरकारच्या आर्थिक ताकदीप्रमाणे, अशी पुस्ती जोडून. बाईचं काम मोजायची वेळ आली की सरकारला ताकद आठवते. आणि आई गेल्यावर काय? अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना आपलं नाव दिलं, घर दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची जुनी मागणी ही, की अठरा वर्षं झाली म्हणून अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नका. एका बाबाने किती जणींना पुरावं?

आता शेवटचं, आणि ते वडनेरच्या कामाचं. सदतिसाव्या कलमात आहे की घरकुल, जमीन आणि गरिबी निवारणाच्या योजनांत पाच टक्के अपंगांसाठी, आणि त्यात अपंग स्त्रियांना प्राधान्य. प्राधान्य हा शब्द छापलेला आहे, मी माझ्या पदरचा घालत नाही. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते मार्चअखेर काहीतरी वस्तू वाटून, फोटो काढून संपवतात. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तिथे तीन प्रश्न विचारा. आपल्या गावात अपंगांची यादी आहे का? असेल तर ती मोठ्याने वाचा, त्यात बाया किती? आणि पाच टक्के मागच्या वर्षी कशावर गेले? नाव घेऊन वाचायला लावा. यादीत पोरीचं नाव येईल म्हणून जिला लग्नाची भीती वाटते, तिला मी काय सांगू? माझं लग्न झालं नाही, पण ते दाखल्यामुळे नाही.

मघाशी हात वर केलेल्या अकराजणींनी थांबा जरा. मागच्या ताई तर आहेतच, बाकीच्या दहाजणींना त्या सभेला आणायला कुणाची ॲपे रिक्षा मिळेल ते आत्ताच ठरवू. भाडं गटातून जाईल का, का वर्गणी काढायची? आणि ती फळी कोण आणतं?